दोष फोनचा, कंपनीचा की धोरणाचा?

‘रेंज नाही’ हे दोन शब्द आज वस्तीतल्या बाईच्या हक्काच्या आड येत आहेत. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये चालू राहण्यासाठी २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी हवा; विवाहितेला तर नवऱ्याच्या आधारचाही. उस्मानपुऱ्यात पत्र्याच्या खोलीतून बायका ओटीपीसाठी रस्त्यावर येतात. दुकानदार म्हणतो, कंपनीचे नेटवर्क खराब. कंपनी म्हणते, फोन जुना. आणि दोघेही बाईला सांगतात, तुम्हालाच वापरता येत नाही.

दोष शोधणे तितके अवघड नाही. आपले सिम त्याच जागी मैत्रिणीच्या चांगल्या फोनमध्ये घालावे. रेंज आली, तर दोष आपल्या फोनचा. गल्लीतल्या त्या कंपनीच्या सगळ्याच फोनांची तीच गत असेल, तर दोष कंपनीचा. दाराबाहेर येते आणि आत जाते, तर पत्रा आणि भिंती लहरी अडवतात. रिचार्ज संपले असेल, तर काही दिवसांनी येणारे संदेशही थांबतात. ती रेंजची तक्रार नव्हे.

पण घरातला सर्वांत जुना, काच फुटलेला फोन बाईच्याच वाट्याला का येतो, याचे उत्तर कोणत्याही टॉवरवर मिळणार नाही.

हा वाद अंगणवाडी सेविकांनी रस्त्यावर आणला. सरकारने दिलेले दोन जीबी रॅमचे फोन गरम होत, बंद पडत. पोषण ट्रॅकर ॲप त्यांवर धड चालत नसे आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई. ‘बायांना जमत नाही’ हा शिक्का त्यांनी स्वीकारला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. एकेकीची कटकट म्हणून जे हसण्यावारी नेले जात होते, तो कामाच्या परिस्थितीचा प्रश्न ठरला.

थेट खात्यात पैसे आल्याने मधले दलाल कमी होतात, हे खरे. ती सोय आपल्याला हवीच आहे. परंतु ओळख पटवण्याचा एकच मार्ग ठेवायचा आणि तो खासगी कंपनीच्या रेंजवर टांगायचा, ही सोय नव्हे, गाळणी आहे. विधवा, परित्यक्ता, नवऱ्याने सिम काढून घेतलेली बाई तीतून पहिल्यांदा बाहेर पडते.

म्हणून मैत्रिणींनो, वस्तीवस्तीत कुठे कोणत्या कंपनीची रेंज येत नाही याची वही करू या. ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यायचे आहेत, आपली वही त्यांच्याशी ताडून पाहू. तक्रार एकटीने नव्हे, गटाने आणि लेखी करू. मोबाईल ग्राहकाला ग्राहक मंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि शासनाकडे एकच मागणी लावून धरू: प्रत्येक योजनेत वस्तीतले शिबिर व कागदी अर्ज हा पर्याय हवा. रेंज गेली म्हणून हक्क जाता कामा नये.