जिला जे साधते, तिला ते काम द्या : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आशा स्वयंसेविकांचे मागणीपत्र

प्रति,
आशा स्वयंसेविकांच्या कामाचे नियोजन करणारे जिल्हा व तालुका पातळीवरील सर्व अधिकारी

विषय : कामाचे वाटप यादी पाहून नव्हे, माणूस पाहून व्हावे, याबाबत.

महोदय / महोदया,

हे मागणीपत्र मानधनवाढीचे नाही. ती मागणी वेगळ्या कागदावर आहे आणि आम्ही ती सोडलेली नाही. संपानंतर मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने आमच्या मानधनात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली, त्याचे समाधान आहे. पण पैसे वाढले म्हणून दिवस मोठा झाला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चूल पेटवायचे त्राण उरत नाही, ही तक्रार आमच्या प्रत्येक बैठकीत निघते. तिच्या मुळाशी गेल्यावर जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

आम्हाला वाटायचे, काम फार आहे म्हणून थकतो. काम फार आहेच. पण दहा किलोमीटर पायपीट करून आलेली बाई कधी कधी हसत येते आणि तीन तास खुर्चीत बसून फोनवर नावे भरणारी बाई डोके धरून उठते. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या बाबतीत नेमके उलटे घडते. म्हणजे थकवा नुसत्या तासांवर ठरत नाही. कोणते काम, कोणाच्या वाट्याला आणि कोणत्या कामानंतर आले, यावरही तो ठरतो. याकडे आजवर कोणी पाहिलेले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही नाही.

आशा योजना २००५ साली सुरू झाली ती साध्या कल्पनेवर : गावातलीच एक बाई, साधारण हजार लोकांमागे एक आणि आदिवासी भागात पाड्यांचे अंतर पाहून त्याहून कमी लोकांमागे. तिने लोकांना दवाखान्यापर्यंत न्यायचे आणि दवाखान्याची गोष्ट लोकांपर्यंत पोचवायची. आज तिच्या पिशवीत काय काय आहे? बारा आठवड्यांच्या आत गरोदर बाईची नोंद, प्रसूतीला सोबत, बाळंतिणीच्या घरच्या भेटी, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणे, क्षयरुग्णाच्या गोळ्या, कुष्ठरोगाची शोधमोहीम, तापाच्या रोग्याचा रक्तनमुना, पिंपातल्या डासअळ्या, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा अर्ज, आयुष्मान कार्ड. ही सगळी एका जातीची कामे नाहीत. काहींना जीभ लागते, काहींना पाय, काहींना डोळे, काहींना निव्वळ चिकाटी. आणि उद्दिष्ट मात्र सगळ्यांना सारखे.

डोळखांबकडच्या आमच्या एका ताईंचे पाहा. कातकरी वाडीत बाळाचे वजन घ्यायला त्या गेल्या की आधी अंगणात बसतात. पिशवी उघडतच नाहीत. सासूच्या शेळीची चौकशी होते, पाणी कुठून आणता ते विचारून होते, मग बाळ आपोआप मांडीवर येते. काटा लटकवतात, रिकाम्या झोळीवर तो शून्यावर आणतात, बाळाचे कपडे काढायला आजीलाच सांगतात. वजन कमी भरले तरी तोंडावर काही दिसू देत नाहीत. “दूध किती वेळा पाजता?” एवढेच विचारतात. ज्या घराने नर्सताईंना दाराबाहेरून परत पाठवले होते, त्याच घरात यांना चहा मिळतो. याच ताई फोन हातात आला की हतबल होतात. ओटीपी येईपर्यंत ॲप बंद पडते, रेंजसाठी टेकाडावर जावे लागते, शेवटी रात्री मुलाला झोपेतून उठवून माहिती भरून घ्यावी लागते.

त्यांच्याच आरोग्य केंद्रातल्या आमच्या दुसऱ्या ताई पदवीपर्यंत शिकलेल्या. यादी, तारखा, अर्ज, फोन हे त्यांच्या हातचा मळ. दुसरीला आठवडा लागेल ते त्या दोन सकाळींत उरकतात. पण ज्या घरात बाळ दगावले आहे, त्या घराच्या उंबऱ्यावर त्यांचे पाय जड होतात. तसे त्या स्वतःच सांगतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

महिनाअखेरच्या सभेत दोघींचीही नावे मागे राहिलेल्यांत निघतात. पहिलीचे फोनवरचे काम अपुरे, दुसरीच्या घरभेटी अपुऱ्या. अशाच एका सभेत दोघींना सर्वांसमोर उभे केले गेले. एकमेकींचे काम घेतले असते तर दोघींचेही पूर्ण झाले असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला दिसत होते. पण तशी सोय नाही.

आमच्या शेतात ही सोय आहे. भाताच्या आवणीला बांधावर उभ्या राहिलेल्या सगळ्यांना कोणी एकच काम देत नाही. चिखल करणारा वेगळा, रोप काढून मुठी बांधणाऱ्या वेगळ्या, पाठ वाकवून सरळ ओळीत लावत जाणाऱ्या वेगळ्या. कोणाचा हात कशात बसला आहे, हे घरधनिणीला विचारावे लागत नाही. आरोग्य खात्याला एवढे समजू नये, हे आश्चर्य आहे.

गावातल्या बाईच्या हातून आरोग्याचे काम किती नेमके होऊ शकते, हे महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले आणि कमी शिकलेल्या किंवा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळाची काळजी घरीच घेण्याची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले : नवजात मृत्यूंत साठ टक्क्यांहून अधिक घट. २०११ मध्ये तीच पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली आणि आमच्या हाती वजनकाटा, थर्मामीटर आला. पण गडचिरोलीतल्या बाईला एक ठरावीक काम देऊन त्यात तिचा हात बसेपर्यंत शिकवले होते. आमच्याकडे ते काम आले, सोबतीला दहा याद्या आल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आम्हाला आनंद झाला. त्या आठवड्यातही याद्या भरायच्या होत्याच.

म्हणून आमच्या मागण्या :

१. प्रत्येक आशाने दर तीन महिन्यांनी एक पान भरावे. रकाने तीन : जमते आणि करून बरे वाटते, जमते पण जीव काढते, जमत नाही. मधला रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. वरून पाहणाऱ्याला ‘जमते’ एवढेच दिसते. त्या कामापायी बाई घरी गेल्यावर लेकरांवर ओरडते, ते दिसत नाही. हे पान आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांकडे राहील. ते मूल्यमापनाला वापरू नये, नोटीस काढायला तर नाहीच. पहिले पान खोटे लिहिले गेले की पुढची सगळी खोटीच येतील.

२. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या दोन ते चार आशांना आपसांत कामाची लेखी अदलाबदल करता यावी आणि मोबदला काम करणारीच्या नावे जमा व्हावा. अडचण नेमकी इथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने. दवाखान्यात प्रसूती झाली तर बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाली तर पहिल्या दिवसाची धरून सात. या सगळ्यांचे मिळून २५० रुपये, तेही सर्व भेटी आणि नोंदी पूर्ण झाल्यावर एका नावावर. मधली एक भेट दुसरीने दिली तर तिला काय? काहीच नाही. मग ती का जाईल? म्हणून भेटवार नोंद आणि भेटवार मोबदला हवा. अर्थात काही कामे अदलाबदलीत येणार नाहीत, हे आम्हीच सांगतो. गरोदरपणाची पहिली नोंद आणि प्रसूतीची सोबत त्या वाडीच्या आशेकडेच राहावी. तिथे ओळखीला पर्याय नाही. कुटुंबनियोजनाच्या आणि क्षयाच्या घरांबाबत आधी त्या घराला विचारावे.

३. ऑनलाइन कामाला आठवड्यातला एक दिवस ठरवावा. ते रेंज आणि वीज असलेल्या उपकेंद्रात बसून व्हावे. ज्यांना ते साधते त्यांनी इतरांचेही भरावे आणि त्याचा मोबदला घ्यावा. संध्याकाळी सातनंतर व्हॉट्सॲप गटावर “आज रात्रीपर्यंत फोटो टाका” असा निरोप येऊ नये.

४. रात्रीच्या प्रसूतीला सोबत गेलेल्या आशेला दुसऱ्या दिवशी सभा नाही, सर्वेक्षण नाही.

५. उद्दिष्टे हंगाम पाहून ठरावीत. दिवाळीनंतर आमच्या कितीतरी वाड्या भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. रिकाम्या वाडीत जानेवारीचे उद्दिष्ट कुठून आणायचे? आणि जूनमध्ये परतलेल्या गरोदर बायकांची नोंद, बुडालेल्या लसी, हिवताप, ओढ्यांना पाणी आणि स्वतःच्या शेतातली आवणी हे सगळे एकदम अंगावर येते. बसून करायचे कागदी काम हिवाळ्यात उरकू द्या. जून ते ऑगस्ट नवी मोहीम लादू नका; साथ आली तर गोष्ट वेगळी, तेव्हा आम्ही हरकत घेणार नाही.

६. जिला जास्त येते तिच्यावर जास्त टाकायचे, ही सवय मोडावी. अदलाबदल सुरू झाली की पहिला धोका हाच आहे. आमच्यातल्या चार हुशार बायका सगळ्यांचे फोन भरत बसतील आणि वर्षभरात त्याच सोडून जातील. म्हणून दुसरीसाठी करायच्या कामाला महिन्याची मर्यादा घालावी. कोणाच्याच पहिल्या रकान्यात नसलेली कामे, उदाहरणार्थ डासअळ्यांची पाहणी, पाळीपाळीने वाटावीत.

आपण म्हणाल, सरकारी कामात आवडनिवड कसली? आम्ही आवड मागत नाही. एकूण काम तेवढेच राहील, एकही घर सुटणार नाही. कोण कुठे जाईल, एवढेच बदलेल. आपण असेही म्हणाल की नियमात बसत नाही. मोबदल्याची पद्धत माणसांनीच बसवली आहे; पण एका दिवसात बदलणार नाही, हे आम्हाला कळते. म्हणून शहापूर तालुक्यातले एक आणि मुरबाड तालुक्यातले एक, अशा दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा महिने करून पाहावे. वेळेवर झालेल्या घरभेटी, सापडलेली कमी वजनाची बाळे आणि अर्धवट राहिलेले अर्ज मोजावेत. आधीचे सहा महिने कागदावर आहेतच. काम घसरले तर आम्ही स्वतः थांबवू.

एक विनंती मात्र आधीच करून ठेवतो. या पत्राच्या उत्तरात ताणमुक्तीचे शिबिर ठेवू नये. गेल्या खेपेस अशा शिबिराला जाण्यासाठी सकाळची पहिली एसटी पकडावी लागली होती आणि त्या दिवसाच्या भेटी रविवारी कराव्या लागल्या.

दोन केंद्रांची निवड आणि सुरुवातीची तारीख येत्या मासिक सभेपूर्वी लेखी कळवावी. चर्चेसाठी आमच्या चौघी प्रतिनिधी येतील, दोन शहापूरच्या, दोन मुरबाडच्या. वेळ दुपारची ठेवावी; सकाळी लसीकरण असते.

आपल्या,
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आशा स्वयंसेविका

प्रत माहितीसाठी : दोन्ही तालुक्यांतील सर्व गटप्रवर्तक