सुप्याचे कर्जरोखे आणि नेरचा शेतकरी क्रमांक

१/ ‘खेड्यातल्या माणसाला खाजगी माहितीचे काय सोयरसुतक?’ हे वाक्य शहाण्यासुरत्यांच्या तोंडी सर्रास असते. महाराष्ट्राचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

२/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांची घरेदुकाने गाठली. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या उठावात लोकांना मुख्यतः हवे होते कर्जरोखे आणि हुकूमनामे. जिथे ते निमूट हाती आले, तिथे सहसा मारहाण झाली नाही. कागद मिळवायचे नि जाळायचे.

३/ राग कागदावरच का? रोख्यावर ‘निशाणी नांगर’ कुणब्याची, अक्षर मात्र दुसऱ्याचे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा होई आणि थकलेले व्याज मुद्दलात जाऊन बसे. सावकाराच्या वहीतला आकडा दिवाणी न्यायालयात जाई, तिथे तो पुरावा ठरे; कित्येक हुकूमनामे एकतर्फी होत. दोन संस्था एका माणसाची माहिती परस्परांत फिरवत होत्या आणि तो माणूस त्या व्यवहाराबाहेर उभा होता.

४/ सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्याचे इतर परिणाम वादग्रस्त आहेत, पण एक गोष्ट मोलाची होती. दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला हवा. शेतकऱ्याला लेखी पावतीचा, वार्षिक हिशेबाचा आणि खातेपुस्तकाचा हक्क. टाळाटाळ करणाऱ्या सावकाराला दंड.

५/ हा कायदा मूळ पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड त्याबाहेर. यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. हे नाव १९०५ मध्ये बदलले.

६/ आता थेट २०१७. २४ जूनला राज्याने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन, माहिती बँकांची, पडताळणी सरकारची. अर्जातले आणि बँकांचे तपशील जुळेनात, याद्या रखडल्या. दोनच महिन्यांनी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. चूक कोणत्या रकान्यात आहे, हे पाहण्याची सोपी वाट कर्जदाराला मात्र नव्हती.

७/ महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत वाट थोडी सुधारली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागल्या. शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक व आधार घेऊन जायचे, रक्कम पाहायची, मान्य की अमान्य ते सांगायचे. अमान्य असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे. १८७९ चा हिशेब पाहण्याचा हक्कच जणू नव्या रूपात आला! पण त्याच्या जोडीला कर्जदाराचे नाव चावडीच्या फलकावर लागले. पारदर्शकता संस्थेच्या कारभाराची हवी. उघडा पडला तो कर्जदार.

८/ आज नेर तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्याकडे शेतकरी ओळख क्रमांक मागितला जातो. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो अनिवार्य आहे. त्याच्याशी आधार जोडलेले, सातबारा जोडलेला. सोय निश्चितच आहे. तलाठ्याकडचे हेलपाटे ज्याने घातले, तो ती नाकारणार नाही. पण ही नोंद कुणी, कधी, कशासाठी पाहिली, हे त्याला कोण सांगणार?

९/ २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ११ म्हणते की माहिती कुणाकुणाला दिली, हे जाणण्याचा हक्क आहे. पण तो संमतीवर उभा आहे. अनुदाने व लाभांसाठी कलम ७(ब) राज्याला वेगळी मोकळीक देते: केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी नोंदवहीत माहिती आधीच असेल, तर नव्या संमतीवाचून ती वापरता येते. म्हणजे अनुदानाच्या रांगेतल्या माणसाचा जाणण्याचा हक्क सर्वांत दुबळा. सावकाराला जे बंधन ब्रिटिशांनी घातले, ते स्वतंत्र देशाचे सरकार स्वतःवर का घालून घेत नाही?

१०/ ‘तांत्रिकदृष्ट्या अवघड’ हे उत्तर चालणार नाही. आधारची पडताळणी कुठल्या संस्थेने कधी केली, याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास आधारधारकाला आजही पाहता येतो. तीच सोय शेतकरी क्रमांकाला द्यावी: बँक, विमा कंपनी, कार्यालय, तारीख आणि कारण, मराठीत, मोबाइलवर, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला नेरच्या तहसील कचेरीत छापील, विनाशुल्क.