दातही आपले, हप्ताही आपलाच

दातांच्या विम्याची कोणती योजना निवडावी, याचा सल्ला देणाऱ्यांची आता वाण राहिलेली नाही. हप्ता पाहा, वार्षिक मर्यादा पाहा, दवाखान्यांची यादी पाहा आणि मग सुज्ञपणे निवड करा, असे पगारदाराला सांगितले जाते. निवडीचे हे स्वातंत्र्य धाराशिव जिल्ह्यात नेऊन तपासावे. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांतून मुकादमाची उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. परमुलखातल्या फडात दाढ ठणकू लागली की लवंग धरायची की मेडिकलमधून गोळी आणायची, एवढीच निवड त्यांच्या हाती उरते. दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

विमा कशासाठी असतो, हे येथे अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाने सांगावे लागेल. आग, अपघात, मोठे आजारपण ही संकटे थोड्यांवर येतात, पण आली की कुटुंब बुडवतात. म्हणून अनेकांनी थोडे थोडे देऊन त्या थोड्यांना सावरायचे. दातांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कीड बहुतेकांना लागते, हळूहळू लागते आणि खर्च बहुतेकांच्या वाट्याला येतो. समजा शंभर जणांच्या गटात दातांवर दरडोई वर्षाला सरासरी एक हजार रुपये खर्च होतो. त्यांचा हप्ता हजाराच्या खाली येणार कसा? उलट त्यावर दलाली, कार्यालयीन खर्च आणि नफा चढणार. कंपनी हप्ता कमी ठेवते तो केवळ प्रतीक्षाकाळ, वार्षिक मर्यादा आणि वगळलेले उपचार यांच्या जोरावर. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पॉलिसी घेतली, त्यालाच दाराबाहेर ठेवून.

आपल्याकडे तर दातांचा स्वतंत्र विमा ही अपवादाने आढळणारी वस्तू आहे. 1986 साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला तेव्हापासून आरोग्यविम्याचा पाया रुग्णालयातील भरती हाच राहिला. अपघातात जबडा मोडला तर भरपाई मिळते. दाढेत सिमेंट भरायला किंवा रूट कॅनॉलला सहसा नाही, कारण त्यासाठी कोणी खाटेवर पडत नाही. अधिक हप्ता भरून बाह्यरुग्ण सेवेची जोड घेता येते, परंतु तीही मर्यादेत. ज्यांना ती घ्यायचीच आहे त्यांनी निदान एवढे विचारावे की यादीतला दंतवैद्य परंड्यात किंवा लोहाऱ्यात आहे, की त्यासाठी सोलापूर-लातूरची वाट धरावी लागणार? वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून माफ झाला. पॉलिसीवाल्याला सरकारने सवलत दिली. पॉलिसी नसलेल्याच्या दाढेला त्यातून काय मिळाले?

सरकारी योजनाही याच साच्यात ओतलेल्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण 2023 साली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये करण्यात आले. गंभीर आजारात तिचा आधार मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात पांढरा चट्टा दिसतो तेव्हा ही योजना तिला ओळखत नाही. त्या चट्ट्याचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियेची वेळ आली, की लाखांची रक्कम मंजूर होते! जी गोष्ट दंतवैद्याने पाच मिनिटांत पाहिली असती, तिच्यासाठी बाईला अर्धा जबडा गमवावा लागतो.

ब्रिटनमध्ये 1948 साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळीसुद्धा मोफत होती. 1951 च्या एप्रिलमध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने, शस्त्रसज्जतेचा खर्च वाढत असताना, कवळी व चष्मा यांच्या किमतीचा सुमारे निम्मा भार रुग्णावर टाकण्याचे ठरवले. या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन तेव्हा मंत्रिमंडळात होते. त्यांनी राजीनामा दिला, हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. कवळीसाठी मंत्रिपद सोडणे अनेकांना हास्यास्पद वाटले असेल. परंतु उपचार हा नागरिकाचा हक्क की ग्राहकाची खरेदी, हाच तेथे वाद होता.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क झाले. त्या वेळचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत हे परंड्याचेच आमदार. निर्णय योग्यच होता. मात्र केसपेपर फुकट मिळाल्याने दाढ भरली जात नाही. त्यासाठी दंतवैद्य, चालू स्थितीतली खुर्ची आणि साहित्य लागते. केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य मानकांतही ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपर्यंत दंतसेवा अपेक्षिलेली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी पॉलिसींची तुलना करण्याचे काम दलालांवर सोपवावे. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम, वाशी, लोहारा येथील सरकारी रुग्णालयांत दंतवैद्याचे पद मंजूर आहे काय, भरलेले आहे काय, तेथे दात वाचवला जातो की नुसता उपटला जातो, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी आणि जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावी. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांची तोंड-तपासणी त्याआधी त्यांच्याच गावात झाली पाहिजे, ही मागणी याच हंगामापासून लावून धरावी.