निवृत्तांनी भेटावं, पण व्यासपीठाशिवाय

थंडी पडू लागली की पेण आणि रोहा परिसरात निवृत्त सहकाऱ्यांचे स्नेहमेळावे ठरू लागतात. कुठे जिल्हा परिषदेचे शिक्षक, कुठे एसटीचे चालक-वाहक, कुठे धाटावच्या रासायनिक कारखान्यांतले ऑपरेटर. अशा भेटींना विरोध कोण करणार? तरीही बोलावलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत आणि त्यांचं न येणं आपण आळसाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. त्यांची बाजू नीट ऐकायला हवी असं आम्हाला वाटतं.

भेटण्याच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. नागोठण्याच्या आयपीसीएलचंच पाहा. सरकारने २००२ मध्ये ही कंपनी रिलायन्सकडे सोपवली आणि २००७ मध्ये ती विलीन झाली. ज्या नावाचं ओळखपत्र खिशाला लावून माणसं कामावर जात होती, ते नाव आता फाटकावर नाही. एकाच पाळीत डबे वाटून खाल्लेल्यांना आपल्या उमेदीच्या काळाचे साक्षीदार फक्त एकमेकांतच सापडतात. घरच्यांना त्या गोष्टी सांगता येतात, पण घरचे त्यांत नव्हते.

शिवाय व्यवहाराचा भाग आहे, आणि तो भावनेपेक्षा कमी मोलाचा नाही. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर पेन्शन थांबते. भविष्य निर्वाह निधीच्या वाढीव पेन्शनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला, त्यानंतर पर्याय भरण्याची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. असे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात. सत्तरीतल्या माणसाला कार्यालयाच्या पत्रातून जे उमगत नाही, ते जुन्या खात्यातल्या मित्राने शेजारी बसून सांगितलं की उमगतं.

आता न येणाऱ्यांची बाजू. पहिली अडचण पैशाची. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेल्या शिक्षकाला जुनी पेन्शन मिळते. कारखान्यातल्या कामगाराला भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ पेन्शन, आणि तिची किमान रक्कम २०१४ मध्ये ठरली ती महिना १,००० रुपये. मेळाव्याची वर्गणी हजार ठेवली तर अशा माणसाची महिन्याची पेन्शन एका दुपारीत संपते. पेणमध्ये याला आणखी एक जखम आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक अडचणीत आली आणि लोकांच्या ठेवी अडकल्या. आयुष्यभराची पुंजी अशी अडकलेला माणूस ‘सध्या काय चाललंय?’ हा साधा प्रश्नही टाळू पाहतो.

दुसरी अडचण मानाची. मेळाव्यात व्यासपीठ येतं, त्यावर साहेब येतात, मग शाल-श्रीफळ. फिटर आणि शिपाई पुन्हा मागच्या खुर्च्यांवर. निवृत्तीने जी उतरंड संपली, ती आपणच वर्गणी काढून पुन्हा मांडतो. ज्याचा कामावर अपमान झाला होता, त्याने तिथे का यावं? त्याला न येण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि त्याच्यामागे फोनचा ससेमिरा लावू नये.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल भेटण्याच्याच बाजूने पडतो, मात्र भेटीचा घाट बदलून. रायगडात त्यासाठी पोपटीसारखी सोय दुसरी नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून जाळ. शेतात होते, सभागृहाचं भाडं लागत नाही, वर्गणीऐवजी कुणी शेंगा आणतो, कुणी लाकडं. जाळाभोवती माणसं गोल बसतात, तेव्हा पहिली रांग कुणाची हा प्रश्नच उरत नाही. शेंगा सोलताना भाषण देणंही अवघड. हयातीच्या दाखल्याचं काम मात्र पोपटीपर्यंत थांबवू नये. त्यासाठी नोव्हेंबरातच बँकेजवळ चहावर चार जणांनी जमावं.

जागा निवडताना रेल्वे पाहावी. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत आलंय, त्या रस्त्याने गुडघेदुखीच्या माणसांना हेलपाटे घालायला लावू नयेत. पेण आणि रोह्याच्या मधलं नागोठणे दिवा–रोहा गाडीने दोन्हीकडच्यांना जवळ पडतं.

सर्वांत अवघड गोष्ट यादीची. निमंत्रणं जुन्या हजेरीपटावरून निघतात, म्हणून कंत्राटी कामगार त्यात नसतो. त्याच टाकीवर, त्याच वासात, त्याच रात्रपाळीत तो होता, फक्त त्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत होतं. दिवंगत सहकाऱ्याची पत्नीही यादीत नसते, आणि कुटुंब पेन्शनच्या कागदांची सर्वाधिक गरज नेमकी तिलाच असते. यंदा यादी करायला बसणाऱ्यांनी ही नावं आधी लिहावीत, साहेबांची नंतर.