द्राक्षबागेत दोघंच: परतीची गाडी आधी ठरवा

लग्नाला पंधरा-वीस वर्षं झाली की ‘दोघंच कुठेतरी जाऊ या’ हे वाक्य घरात बोललं जातं आणि तिथेच विरून जातं. मुलांची परीक्षा, कुणाचा तरी साखरपुडा, ऑफिसचं काहीतरी. गेल्या वर्षी आमच्या अठराव्या वाढदिवसाला मी ठरवलं, या खेपेला नाही विरू द्यायचं. लांबही जायचं नाही. बेंगळुरूपासून तासा-दीड तासावर द्राक्षाच्या बागा आहेत, वायनरी आहे, तिथे जाऊन वाइन चाखायची.

यात एक गंमत होती. आमच्याकडे नवरा पीत नाही, उत्सुकता मला. आणि दुसरी अडचण म्हणजे सासूबाई. त्या तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, “द्राक्षाची बाग बघायला चाललोय.” अर्धंच खरं. त्यांचं माहेर तासगावकडचं, बागायतदारांचं घर. त्यांनी लगेच विचारलं, “कुठली जात आहे? गोडी छाटणी कधी केली त्यांनी?” मला काहीच सांगता येईना. तेव्हा लक्षात आलं, की आपण निघालोय ते फक्त पेल्याकडे बघत. बागेबद्दल आपल्याला ओ का ठो कळत नाही.

म्हणून आजचा लेख. तुम्ही अशी सहल ठरवत असाल, तर आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नका.

आधी बाग समजून घ्या

नंदी डोंगराच्या पायथ्याशी, दोड्डबळ्ळापूरजवळ, कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये वाइनच्या द्राक्षांची बाग उभी करायला घेतली. त्यांची पहिली वाइन १९९२ मध्ये बाजारात आली. १९९५ पासून फ्रान्सचे नावाजलेले वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार झाले. २०१२ मध्ये ही कंपनी आणि नाशिककडची व्हॅली द व्हँ एकत्र आल्या आणि आजचं ‘ग्रोव्हर झाम्पा’ हे नाव पडलं. म्हणजे बेंगळुरू आणि नाशिक यांचं या धंद्यात नातं जुळलेलंच आहे.

फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो, बर्फ वितळला की जागा होतो. आपल्याकडे, विषुववृत्तापासून जेमतेम तेरा अंशांवर, वेलाला झोपच लागत नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. तासगाव-नाशिककडे एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, म्हणजेच सासूबाईंची गोडी छाटणी. पावसाळ्यात घड धरले तर रोग पडतो, म्हणून फळ कोरड्या दिवसांत यावं असा सगळा हिशेब. बेंगळुरूचं पठार नऊशे मीटरच्या आसपास उंच. दिवसा ऊन, रात्री गारवा. उन्हात द्राक्षात साखर भरते आणि गार रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही लागतं.

आणखी एक गोष्ट. बेंगळुरूच्या बाजारात काळीभोर, जाड सालीची, बिया असलेली, भरपूर वास येणारी द्राक्षं मिळतात ना, ती ‘बेंगलोर ब्लू’. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. रस, जॅम आणि गोडसर पोर्टसारख्या वाइनसाठी ती वापरतात. पण कॅबरने सॉव्हिन्यों, शिराझ, सॉव्हिन्यों ब्लाँ या वाइनच्या जाती युरोपीय कुळातल्या. त्यांचे मणी लहान आणि चवीला खाण्याच्या द्राक्षांपेक्षा वेगळे.

कधी जायचं?

वेलावर घड बघायचे असतील तर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळ धरा. हाच तोडणीचा हंगाम. छाटणीनंतर गेलात तर नुसत्या काटक्या दिसतील. पावसाळ्यात बाग हिरवीगार असते, फोटो छान येतात, पण द्राक्ष नाही.

कॅलेंडर बघताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. २६ जानेवारीला ‘ड्राय डे’ असतो. लांब सुट्टी म्हणून नेमकी तीच तारीख घ्याल आणि चाखायला काहीच मिळणार नाही. निवडणुकीच्या दिवसांतही तेच. १४ फेब्रुवारीच्या आठवड्यात गर्दी असते. आणि शनिवार-रविवारी फोन न करता जाऊ नका.

हे आम्ही अनुभवलंय. पहिल्या खेपेला रविवारी तसेच निघालो. एका वायनरीच्या दारात पोचल्यावर कळलं, की दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या भरल्यात. नवरा एक शब्द बोलला नाही. न बोलणंच जास्त लागलं. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला बुधवार धरला, दोघांनी रजा टाकली आणि आधी फोन केला. काय काय विचारायचं तेही सांगते: फेरी किती वाजता, किती वेळाची, किती प्रकार चाखायला देतात, जेवण धरून आहे का, आणि न पिणाऱ्यासाठी वेगळा दर आहे का.

परतीची गाडी

हा मुद्दा मी मुद्दाम मधोमध ठेवतेय, कारण बहुतेक जण तो शेवटी ठेवतात.

चाखायला साधारण २५ ते ३० मिलिलिटर देतात. “घोटभर तर आहे,” असं वाटतं. पण पाच प्रकार चाखले की दीडशे मिलिलिटर झालं, म्हणजे भरलेला एक पेला. वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईनं हे पाच घोट गिळले, तर ती ही मर्यादा सहज ओलांडू शकते. सत्तर किलोचा पुरुषही काठावर येतो. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विमानतळाकडचा तो भरधाव रस्ता. घरी मुलं वाट बघत असतात.

म्हणून तीनच मार्ग आहेत. दिवसभरासाठी चालकासह टॅक्सी ठरवा. किंवा जवळ मुक्काम करा. किंवा दोघांपैकी एकानं थेंबही घ्यायचा नाही. ‘मी कमी घेईन’ हा चौथा मार्ग नाही. आमच्याकडे न पिणारा नवरा होता, त्यामुळे प्रश्न सुटला. पण तो मला निघण्याआधीच म्हणाला, “मी गाडी चालवीन, पण मला बाजूला बसवून ठेवू नकोस.” हे वाक्य मी लक्षात ठेवलं.

न पिणाऱ्याचं काय?

मराठी घरांत बहुतेकदा दोघांतला एकच घेणारा असतो. मग दुसरा मोबाइल बघत बसतो आणि सहलीतली मजाच जाते. यावर एक उपाय सापडला. वाइन चाखण्यातलं निम्मं काम नाकाचं असतं, आणि वास घ्यायला पिण्याची गरज नाही.

पेला हलकेच गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि ‘कसला वास येतोय’ हे दोघांनी सांगायचं. मला सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये काहीच कळेना. नवरा म्हणाला, “हिरव्या मिरचीचं देठ तोडल्यावर येतो तसा.” आम्हाला माहिती देणारा मुलगा खूश झाला, कारण ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास ही त्या जातीची ओळखच आहे. शिराझला त्यानं मिरी सांगितली, तीही बरोबर. न पिणारा माणूस त्या दिवशी माझ्यापेक्षा हुशार ठरला. परतताना गाडीत मान ताठ होती!

ज्यांना चव बघायची आहे पण गिळायचं नाही, त्यांच्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. तोंडात फिरवून त्यात टाकून द्यायचं. व्यवसायानं चाखणारे हेच करतात. लाजू नका.

क्रम साधा आहे. आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. मधेमधे पाणी. रिकाम्या पोटी अजिबात नको. तिखट पदार्थांबरोबर लाल वाइन जास्तच तुरट, कडसर लागते. कोथिंबीर वडी किंवा मिरचीची भजी समोर असतील तर किंचित गोडसर शेनँ ब्लाँ बरी.

सेंट लावून जाऊ नका, आपलीच नव्हे तर शेजारच्याचीही चव बिघडते. मल्लिगेचा गजरासुद्धा चाखून झाल्यावर माळा. मी सकाळी माळला होता, आणि पहिल्या तीन पेल्यांत मला फक्त मोगरा आला. लाल मातीत चालायचं असतं, म्हणून सपाट चपला किंवा बूट घाला.

दिवसाचा बेत

नंदी डोंगरावरचा सूर्योदय सगळ्यांना हवा असतो, त्यामुळे सुट्टीच्या पहाटे तिथे गाड्यांचीच रांग दिसते. आम्ही तो सोडला. सातला निघालो, वाटेत इडली-वडा खाल्ला आणि आधी नंदी गावातलं भोगनंदीश्वराचं देऊळ गाठलं. देवळात जायचं तर सकाळीच, वाइनच्या आधी. हे वेगळं सांगायला नकोच.

हजारएक वर्षांहून जुनं हे देऊळ, बेंगळुरूत राहूनही अनेकांनी बघितलेलं नसतं. इथे शंकराच्या आयुष्याचे तीन टप्पे मानतात. अरुणाचलेश्वर म्हणजे बालपण, भोगनंदीश्वर म्हणजे तारुण्य, आणि डोंगरावरचा योगनंदीश्वर म्हणजे संन्यास. मधे उमा-महेश्वराचं छोटं मंदिर, त्याच्यापुढे काळ्या दगडाच्या चार खांबांचा कल्याण मंडप, लग्नाचा मांडवच म्हणा ना. खांबांवर देवांची जोडपी कोरलेली आहेत. शेजारी पायऱ्यांची मोठी पुष्करणी. आम्ही तिथे अर्धा तास नुसते बसलो. मुलांच्या फीबद्दल बोललो नाही. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात रोमँटिक अर्धा तास तोच होता, आणि त्याला तिकीट नव्हतं.

अकराला वायनरी, फेरी, चाखणं, जेवण. चारला परत निघालो.

म्हैसूरच्या रस्त्याला राहत असाल तर दुसरा पर्याय चन्नपट्टणचा. सुलाची वायनरी तिथेही आहे. वाटेत रामनगरचे ‘शोले’वाले खडक आणि चन्नपट्टणची लाकडी खेळणी. मुलांसाठी भोवरा घेऊन गेलात की घरी तक्रार कमी होते. आणि माहेर नाशिककडे असेल तर मग काय बोलायचं! गंगापूर धरणाजवळ सुलाचा टेस्टिंग रूम २००५ पासून आहे, शेजारीच यॉर्क आहे. मुलं आजीकडे सोडा आणि एक संध्याकाळ मागून घ्या.

दोन गोष्टी स्पष्ट बोलते

‘लाल वाइन हृदयाला चांगली’ म्हणून कुणी सुरुवात करत असेल तर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की अल्कोहोलची कुठलीही मात्रा तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदरपणात, किंवा औषधं चालू असताना, तर नकोच. एकवीस वर्षांखालच्यांना चाखायला देत नाहीत, तेव्हा कॉलेजच्या मुलांना सोबत नेऊन अवघडून बसवू नका. चाखायची ती चव म्हणून, एखाद्या दिवशी. औषध म्हणून नाही आणि सवय म्हणूनही नाही.

बाटली विकत घेतलीत तर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं ती बिघडते. महाराष्ट्रात न्यायची असेल तर आधी नियम विचारून घ्या.

घरी आल्यावर

येताना रस्त्यावर बेंगलोर ब्लू घेतली, दोन किलो. सासूबाईंना दिली आणि उरलेलं अर्धं खरंही सांगून टाकलं: बाग बघितली, आणि मी वाइनही चाखली. मला वाटलं, आता चेहरा पडणार.

त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. “बी आहे की गं यात.” मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “आमच्या बागेत एका वर्षी भाव पडला तेव्हा घड वेलावरच सुकले. तेव्हा असलं काही जवळ असतं तर वडलांनी आनंदानं घातली असती द्राक्षं तिकडे.” नंतर विचारलं, “गाडी कोणी चालवली?”

“त्यानं. एक थेंबही घेतला नाही.”

“मग झालं. पुढच्या वेळी मला ने. पिणार नाही, बाग बघेन.”

तर पुढच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं जाणार आहोत. दोघांची सहल त्याच्या पुढच्या महिन्यात. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये, लाल पेनानं. तुम्हीही आज एक तारीख लिहा, परतीच्या गाडीचं ठरवा, आणि मगच वायनरीला फोन करा.