बुडखा काढायचं काम उक्तं देऊ नका

रब्बी निघाली की आपल्या सातारा-सांगली भागात कटरचा आवाज सुरू होतो. कुणाच्या बांधावरची बाभूळ पडते, कुणी विहिरीकडेची निलगिरी काढतो, तासगाव-पलूसकडे एखादी जुनी द्राक्षबाग मोडली जाते. वळीव होऊन गेला की आडवी झालेली झाडं वेगळीच. झाड पाडायला फार वेळ लागत नाही. मग उरतो बुडखा, आणि डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी त्या बुडख्याची वाटते.

मोकळ्या रानात जेसीबी येतो आणि अर्ध्या तासात प्रश्न मिटतो. पण घराच्या भिंतीलगत, विहिरीच्या काठाला किंवा ठिबकच्या नळ्यांमध्ये जेसीबी घालता येत नाही. तिथे माणूस कटर घेऊन उकिडवा बसतो. आता कटरच्याच इंजिनावर बसणारा एक जोडही मिळतो. पट्टी आणि साखळी काढायची, त्या जागी दातेरी चाक बसवायचं आणि बुडखा वरून खरवडत जमिनीखाली न्यायचा. एका माणसाला उचलता येईल एवढं ते यंत्र. कल्पना चांगली आहे, वेळही वाचतो. माझं भांडण यंत्राशी नाहीच. ज्या बोलीवर ते चालवलं जातं, त्या बोलीशी आहे.

ती बोली तुम्हाला माहीत आहे. "झाड पाडून, फांद्या तोडून, बुडख्यासकट जागा साफ करून देतो, एवढे द्या." म्हणजे उक्तं काम. जेवढं लवकर उरकेल तेवढा कटरवाल्याचा फायदा, कारण दुपारनंतर दुसरं झाड ठरलेलं असतं. मग तो मधे थांबत नाही, साखळीला धार लावत नाही, डोळ्यावर वाफ धरते म्हणून चष्मा काढून ठेवतो. आणि बुडख्याचं काम नेमकं असं आहे की तिथे घाई सगळ्यात महाग पडते.

का, ते सांगतो. उभं खोड कापताना यंत्र कमरेच्या उंचीवर असतं. बुडख्याशी माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो, तोंड यंत्राजवळ, धूरही तोंडाशीच. साखळी मातीत गेली की धार जाते. बोथट साखळी कापत नाही, म्हणून माणूस जोर लावतो, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या मुळीला किंवा दगडाला लागला की यंत्र उसळून अंगावर येतं. ते इतक्या झटकन होतं की हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. कटरच्या जखमा पायावर, विशेषतः डाव्या मांडी-गुडघ्यावर, आणि डाव्या हातावर जास्त होतात, त्याचं कारण यंत्र धरण्याच्या पद्धतीत आहे. दातेरी चाकाचा जोड लावला म्हणून धोका टळत नाही. ते चाक आपल्या मुरमाड जमिनीतले खडे गोळीसारखे उडवतं, आणि जमिनीखालून मोटारीची केबल गेली असेल तर ती चाकाला कळत नाही. पोकळ बुडख्यात घोणस किंवा नाग असू शकतो, हे तर शेतकऱ्याला मी सांगायला नकोच.

या जखमा निदान दिसतात. रक्त आलं की गाडी काढली जाते. न दिसणाऱ्या तीन गोष्टी मात्र वर्षानुवर्षं चालू राहतात.

पहिली बोटांची. कटरची थरथर दोन्ही हातांत सतत शिरत राहिली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंडीत बोटं अचानक पांढरीफटक पडतात, पांढऱ्या भागाची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट दिसते, थोड्या वेळाने रंग परत येतो आणि बोटं ठणकतात. थंड देशांत हा आजार या पांढऱ्या बोटांवरूनच ओळखला गेला. आपल्याकडे ऊन जास्त, त्यामुळे बोटं पांढरी होताना कमी दिसतात. इथला रुग्ण सांगतो ते वेगळं असतं. मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो, शर्टाचं बटण लागत नाही, चहाचा कप निसटतो. मग कुणी "नस दबली असेल" म्हणतो, कुणी साखर तपासायला सांगतो, कुणी जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो. साखर तपासायलाच हवी, पण रोज काय काम करता, हेही विचारलं गेलं पाहिजे. नाही विचारलं, तर तुम्ही आपणहून सांगा.

सुरुवातीला काम थांबवलं किंवा बरंच कमी केलं तर हात सुधारू शकतो. खूप पुढे गेलेली बधिरता बहुतेकदा परत येत नाही. तंबाखू आणि विडी-सिगारेट रक्तवाहिन्या आणखी आवळतात, म्हणजे थरथरीचं काम सोपं करतात. जाड हातमोजे घातले की थरथर थांबते, हा समज खरा नाही. हातमोज्यांनी हात गरम राहतो आणि कापण्यापासून थोडा वाचतो, एवढंच.

हे टाळता येतं का? येतं. फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मी भागातल्या जंगल कामगारांची डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तपासणी केली. १९७२ मध्ये त्यांच्यातल्या ४० टक्के लोकांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. १९९० मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. मुख्य कारण म्हणजे यंत्रं हलकी झाली आणि मुठीखाली थरथर शोषणारे रबर आले. जपानच्या सरकारी जंगलांत १९६९ च्या सुमारास कटर चालवण्यावर दिवसाला दोन तासांची मर्यादा घातली गेली. आपल्याकडे नवं यंत्र आलं तरी रबर कडक होईपर्यंत तेच चालतं, आणि तासांचा हिशेब कुणी ठेवत नाही. उक्त्या कामात ठेवणार तरी कसा?

दुसरी गोष्ट कानाची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरलं, तर त्यापुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि चालवणाऱ्याच्या कानाशी कटर बहुतेकदा शंभरीच्या वरच असतो. असं गेलेलं ऐकू येणं औषधाने परत मिळत नाही. घरातल्यांना वाटतं, माणूस लक्ष देत नाही, टीव्ही मोठा लावतो.

तिसरी डोळ्याची, आणि तिच्याबद्दल मी थोडा चिडूनच लिहितो. लाकडाची कपची किंवा पाल्याचा कण बुबुळाला ओरखडा पाडून जातो. दोन दिवस चोळाचोळ होते. मग मेडिकलमधून थेंब आणले जातात आणि त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं. पण झाडापाल्याच्या जखमेतून बुबुळात बुरशी शिरू शकते, आणि स्टेरॉइडने ती फोफावते. महिनाभराने डोळ्यात फूल पडलेलं असतं. काही शे रुपयांच्या चष्म्याने हे टळलं असतं. लाकडाचा कण लागून डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि "लाकूड लागलं" हे शब्द सांगा. मिरज तर आपल्या हाताशी आहे. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढल्यापासून लोक लांबून लांबून तिथे येतात.

आता पैशाचं. २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड वाचावा म्हणून मोठी चळवळ झाली आणि महामार्गाची आखणी बदलण्याचं ठरलं. मला त्याचा आनंद झाला होता. पण झाडांवर एवढं बोलणारे आपण, झाड तोडणाऱ्या माणसाबद्दल बोलताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही. तोडायचं झाड कायद्यात बसतं का, परवानगी लागते का, हे आपण विचारतो, विचारायलाच हवं. चष्मा आणलास का, एवढं मात्र विचारत नाही.

म्हणून माझं मत असं, की झाड पाडणं हवं तर उक्तं द्या, पण बुडखा वेगळा ठरवा आणि रोजावर ठरवा. त्यात एक गडी जादा धरा, म्हणजे दोघं आळीपाळीने यंत्र धरतील. चष्मा, कानावरचे मफ आणि बूट असतील तरच काम सुरू, हे बोलीतच घाला. त्याच्याकडे नसतील तर चष्मा आणि मफ तुम्ही घेऊन ठेवा, पुढच्या वेळीही उपयोगी पडतील. साखळी अडकवून थांबवणारे मांडीवरचे संरक्षक कपडे महाग आहेत, काही हजारांत जातात. ते रोज कटर चालवणाऱ्याने घ्यावेत. पण दातेरी चाक त्यांनी थांबेल असं धरून चालू नका.

"रोजावर दिलं की काम रेंगाळतं," असं तुम्ही म्हणाल. रेंगाळेल. कदाचित एक दिवस जादा लागेल आणि तेवढे पैसे जातील. शिवाय मी एक प्रश्न विचारीन, बुडखा आजच निघायला हवा का? भिंत बांधायची नसेल, वाट अडत नसेल, तर तो जमिनीलगत कापून वर माती ओढा. निलगिरीला आणि सुबाभळीला फुटवे येतील, ते कोवळे असतानाच मोडत राहा. वाळवी आणि पावसाळे उरलेलं काम बिनमजुरीचं करतात.

आणि तरीही लागलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून बघू नका. हळद, चुना, कॉफी काही भरू नका. आत रुतलेली कपची ओढू नका. १०८ ला फोन करा. बोट तुटून पडलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा; बोट थेट बर्फावर ठेवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते आठवून सांगा.

तुम्ही स्वतः कटर चालवत असाल, तर या थंडीत सकाळी मोटारसायकलवरून जाताना बोटं पांढरी पडली की लगेच मोबाईलवर फोटो काढा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग परत आलेला असतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. तो फोटो दाखवा.