वीस टक्के घरांच्या नियमाबाहेर सोलापूर का?



महाराष्ट्रात गरिबांच्या घरांसाठी एक चांगला नियम आहे. ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर कोणी निवासी ले-आऊट पाडला किंवा इमारती उभ्या केल्या, तर त्यातला वीस टक्के हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. ही घरे तीस ते पन्नास चौरस मीटरची असतात आणि ती कोणाला मिळणार हे म्हाडाच्या सोडतीत ठरते. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१३ मध्ये हा नियम आणला. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही तो कायम ठेवला. अट मात्र अशी घातली, की महापालिकेची लोकसंख्या शेवटच्या जनगणनेनुसार दहा लाख किंवा त्याहून अधिक हवी.

२०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. ४८,४४२ माणसे कमी पडली आणि आपले शहर या नियमाबाहेर राहिले. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यापासून नवी मुंबईपर्यंत दहा लाखांवरच्या शहरांची यादी संपली की त्याच जनगणनेत पुढचे नाव सोलापूरचे येते. २००१ मध्ये आपण ८,७२,४७८ होतो. दहा वर्षांत एकोणऐंशी हजारांची भर पडली. तोच वेग धरला तर २०१७-१८ च्या सुमारास दहा लाखांचा आकडा पार व्हायला हवा होता. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि नवी जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून व्हायची आहे. तिचे आकडे जाहीर होईपर्यंत मंजूर होणाऱ्या प्रत्येक मोठ्या ले-आऊटमध्ये गरिबांचा हिस्सा शून्य राहील. जनगणना लांबली यात सोलापूरच्या विडी कामगार बाईचा काय दोष?

हा प्रश्न इथे इतका जिव्हाळ्याचा का आहे, हे सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहरात गरिबांच्या घरांचे जे मोठे काम झाले, ते कामगारांच्या चळवळीने करून दाखवले आणि ते शहराच्या हद्दीबाहेर झाले. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे कॉ. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची दहा हजार घरे उभी राहिली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते २००६ मध्ये ती त्यांना मिळाली. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. जानेवारी २०१९ मध्ये पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५,००० घरांचे लोकार्पण, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. या घरांचे मोल मी कमी लेखत नाही. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या हजारो बायकांच्या नावावर घर झाले, याहून मोठे काम या शहरात माझ्या पाहण्यात नाही.

पण त्यामुळेच विचारावेसे वाटते, की कामगाराला हक्काचे घर हवे असेल तर त्याने शहर सोडूनच का जावे? कामासाठी त्याला शहराकडेच यावे लागते. रिक्षाचे भाडे त्याच्याच मजुरीतून जाते. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर या बाजूंना एकामागून एक ले-आऊट पडले. त्यांत वीस टक्के घरे राखली गेली असती, तर शहराच्या पूर्व भागातल्या काही कामगार कुटुंबांना महापालिकेच्या हद्दीतच छप्पर मिळाले असते. छोटा, कायदेशीर आणि परवडणारा प्लॉट मिळेना म्हणून माणसे गुंठेवारीत शिरतात. नोटरीच्या कागदावर अर्धा-एक गुंठा घेतात, मग ड्रेनेजसाठी आणि रस्त्यासाठी वर्षानुवर्षे महापालिकेचे उंबरे झिजवतात. १९९२ ला शहरात आलेल्या हद्दवाढ भागात हेच घडत आले आहे.

घरांचे नियोजन हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकार आहे, राज्याने त्यात किती लक्ष घालावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन शहरांच्या विषयांत घातले, हे खरेच आहे. पण १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार शहराची विकास योजना अखेर राज्य शासनच मंजूर करते, आणि कलम १५४ नुसार नियोजन प्राधिकरणांना निर्देशही देते. शिवाय मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सोलापूर महापालिकेचा कारभार प्रशासकाकडेच होता. राज्याचा हात या शहराच्या नियोजनात आधीपासून आहे. तो गरिबांच्या बाजूने चालावा एवढेच माझे म्हणणे आहे. राज्याने असे लक्ष घालणे इतरत्रही चालते : अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९६९ पासून प्रत्येक शहराला आपला गृहनिर्माण आराखडा करावा लागतो. साधारण आठ वर्षांच्या टप्प्यात कोणत्या उत्पन्नगटासाठी किती घरांची सोय करायची, याचा वाटा ठरतो आणि राज्याचा विभाग आराखडा तपासतो. तिथे लहान शहरेही यातून सुटत नाहीत.

बांधकाम व्यावसायिकांची अडचण मी समजू शकतो. सोलापुरातले घरांचे दर पुण्यासारखे नाहीत. पण या नियमात राखीव घरांचे बांधकाम चटईक्षेत्रात धरले जात नाही, त्यामुळे विक्रीच्या घरांचे क्षेत्र त्यापायी घटत नाही. घरांच्या किमतीतून बांधकामाचा शासकीय दर आणि त्यावर काही टक्के अधिक रक्कमही मिळते.

केवळ नियम लागू करून भागणार नाही, हे नाशिकने दाखवले आहे. तिथे नियम होता, तरी म्हाडाकडे घरे आलीच नाहीत, असा आरोप खुद्द गृहनिर्माणमंत्र्यांनी २०२२ मध्ये केला आणि प्रकरण विधिमंडळात गाजले. पुढे जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ४,००० चौरस मीटरच्या आत बसवल्याच्या तक्रारीही झाल्या. म्हणून सोलापूरला नियम लागू करताना पहिल्या दिवसापासून एवढे व्हावे : महापालिकेने मंजूर केलेल्या एकरभराच्या वरच्या प्रत्येक ले-आऊटची माहिती दर तीन महिन्यांनी म्हाडाच्या पुणे मंडळाकडे जावी आणि ती नागरिकांसाठीही खुली असावी. एकाच मालकाच्या लगतच्या तुकड्यांची बेरीज धरली जावी. राखीव घरे पूर्ण झाल्याशिवाय उरलेल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

स्मार्ट सिटीसाठी जानेवारी २०१६ मध्ये देशातली पहिली वीस शहरे निवडली, तेव्हा सोलापूर त्यांत होते. दहा लाखांचा आकडा तेव्हा आडवा आला नाही. दहा लाखांची अट काढण्यासाठी विधिमंडळात नवा कायदा करण्याचीही गरज नाही. नियमावलीत फेरबदल करण्याचा अधिकार नगरविकास विभागाकडे आहे. सूचना काढून, हरकती मागवून तो वापरता येतो. महापालिकेच्या नव्या सभागृहाने तसा ठराव करून तातडीने शासनाकडे पाठवावा, आणि शहर-जिल्ह्यातील आमदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात त्याचे उत्तर मागावे.

– एक वाचक, सोलापूर